लसीचे प्रमाणपत्र मी पाठवणार नाही

सांगली,
दि. ४ ऑक्टोबर २०२५

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की, दुसऱ्या वर्षाच्या क्लिनिकल पोस्टिंगआधी (म्हणजे प्रत्यक्ष वॉर्डातल्या कामाआधी) कॉलेजने लसीकरणाचा फॉर्म दिला आहे आणि लहानपणीच्या लसींचा पुरावा मागितला आहे. तेव्हा ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांकडून 'सर्व लसी झाल्या आहेत' असे लिहून घेऊन मी ते तुला पाठवावे, असे तुझे म्हणणे. त्या वेळी मी 'बघते' म्हणाले. दोन दिवस विचार केला, आणि तसे प्रमाणपत्र मी पाठवणार नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. कारण फोनवर सांगण्याइतके थोडके नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझे लसीकरणाचे कार्ड २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गेले, हे तुला माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या घरात चढले आणि गावभागातल्या आपल्या घराचा तळमजला बुडाला. कपाटाच्या खालच्या खणातल्या फायली आठवडाभराने बाहेर काढल्या तेव्हा त्या कार्डाचा नुसता लगदा उरला होता. तुला लसी देणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे मी काल जाऊन आले. त्यांच्या दवाखान्यातली जुनी रजिस्टरेही त्याच पाण्यात गेली. म्हणजे तुझ्या लसींची लेखी नोंद आज कुठेही नाही. जे काही आहे ते माझ्या आठवणीत आहे.

त्या आठवणीवर मी किती भरवसा ठेवू? हिपॅटायटीस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लसीचा पहिला डोस तुला माझ्यासमोर दिला, हे मी शपथेवर सांगेन. त्या वेळी ही लस सरकारी कार्यक्रमात सगळीकडे आलेली नव्हती, ती आम्ही पैसे भरून दिली होती. दुसऱ्या डोसाचेही आठवते. तिसऱ्याच्या वेळी मात्र माझी रात्रपाळी चालू होती आणि बाबा तुला घेऊन गेले होते. तो डोस त्याच दिवशी दिला की ताप होता म्हणून पुढे ढकलला, हे आता आम्हा दोघांनाही नक्की आठवत नाही. जे आईला नक्की आठवत नाही, ते कुणा डॉक्टरांनी सही करून नक्की आहे असे लिहून द्यावे, हे मला पटत नाही.

या एकाच लसीबद्दल मी एवढी अडून बसते आहे, त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. तुझ्या जन्माच्या बऱ्याच आधी, मी परिचारिकेच्या नोकरीला नवीन असताना, सुईला परत टोपण लावताना ती माझ्या अंगठ्यात शिरली. रुग्णाला कावीळ होती. आमच्या वॉर्डात कुणाचेही लसीकरण झालेले नव्हते आणि अशी घटना कळवायची असते हेही आम्हाला कुणी शिकवलेले नव्हते. मी हात धुतला आणि पुढच्या खाटेकडे गेले. अडीच महिन्यांनी माझे डोळे पिवळे झाले. मोठ्या वयात झालेली ही कावीळ बहुतेकांच्या शरीरातून पूर्ण जाते, तशी माझीही गेली. पण तुझ्या वेळी गरोदर असताना रक्ताची तपासणी झाली, तेव्हा अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी जेवले नव्हते. कारण आईच्या रक्तात हा विषाणू राहिलेला असेल आणि जन्मतःच बाळाला लस दिली नाही, तर बाळाला तो आयुष्यभरासाठी चिकटण्याचा धोका फार मोठा असतो, हे तोवर मला कळलेले होते. अहवाल निगेटिव्ह आला.

सुई टोचली की सगळ्यांना एचआयव्हीची भीती वाटते. त्याचा धोका हजारात सुमारे तीन आहे; लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बीचा धोका शंभरात सहापासून तीसपर्यंत असतो, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. एवढ्या मोठ्या धोक्यावर एवढी खात्रीची लस आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती भारतात बनवली, त्यानंतर ती आमच्यासारख्यांना परवडू लागली. त्याआधीच्या परदेशी लसीची किंमत परिचारिकेच्या पगारात बसणारी नव्हती.

'मग नुसता अँटिबॉडी टायटर करून बघते' असे तू म्हणशील, म्हणजे रक्तात लसीमुळे तयार झालेले संरक्षण मोजणारी तपासणी. टायटर दहाच्या वर आला की संरक्षण आहे, असे मानतात हे खरे. पण तीन डोस पूर्ण झाल्याची लेखी नोंद असलेल्यांसाठीच तो आकडा भरवशाचा धरतात. म्हणून पुन्हा पहिल्यापासून तीन डोस घे : आता, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आधी झालेले असतील तरी जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर कर, आणि तो दहाच्या खाली आला तर न लाजता दुसऱ्यांदा तिन्ही डोस घे. काहींचे शरीर पहिल्या खेपेला दाद देत नाही. लस दंडाच्या स्नायूतच घ्यायची. कुणी कमरेवर देऊ लागले तर नको म्हण, तिथे ती कमी लागू पडते.

आज सुरुवात केलीस तर डिसेंबरमध्ये वॉर्डात पाऊल टाकशील तेव्हा दोन डोस झालेले असतील. तिसरा एप्रिलमध्ये येईल. तोवर सुई टोचलीच, तर जखम पिळायची नाही, बोट तोंडात घालायचे नाही. साबण-पाण्याने धुऊन लगेच वरिष्ठांना सांगायचे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवू नकोस.

गोवर-रुबेलाची लस तुला २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेतल्या मोहिमेत मिळाली होती, पण तिच्यात गालगुंडाची लस नसते आणि तेही कार्ड आज नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एमएमआर लसीचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने घे. हे मी केवळ तुझ्यासाठी सांगत नाही. प्रसूती विभागात पहिल्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाया तुझ्यासमोर बसतील. त्यांच्यापैकी एखादीला तुझ्याकडून रुबेला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय कशावरही घाला येऊ शकतो, आणि तुला स्वतःला कदाचित साधे पुरळही उठलेले नसेल. फॉर्ममध्ये क्षयरोगाची मँटू चाचणी (हाताच्या त्वचेत टोचून करतात ती) असेल तर ती एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करून घे, नाहीतर पुढे किमान चार आठवडे थांबावे लागते. हा क्रम पुष्कळांचा चुकतो. बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण तुझ्या डाव्या दंडावर आहे, पण त्या वणाच्या जोरावर क्षयाच्या वॉर्डात मास्कशिवाय जाऊ नकोस.

कांजिण्या तुला तिसरीत असताना आल्या होत्या, कडुनिंबाच्या पाल्यावर निजवले होते. तरी रक्तातली आयजीजी, म्हणजे कांजिण्यांपासूनचे संरक्षण टिकून आहे का, ते तपासून घे. धनुर्वाताच्या जोडीला घटसर्प आणि डांग्या खोकल्याची टीडॅप एकदा घे. फ्लूची दर वर्षी.

या सगळ्याला जो खर्च येईल तो मी उद्याच तुझ्या खात्यावर टाकते. दिवाळीला घरी येशील तोवर थांबू नकोस, कारण एकेक आठवडा मोलाचा आहे. पहिला डोस झाला की नव्या कार्डाचा फोटो मला पाठव. त्यात तारीख, लसीचे नाव, बॅच नंबर आणि देणाऱ्याची सही स्पष्ट दिसली पाहिजे. एक प्रत मी इथे वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवेन.

तुझी,
आई