'इन्सासची गोळी फक्त जखमी करते' : माननीय संरक्षणमंत्र्यांना एका निवृत्त सुभेदाराचं खुलं पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

जय हिंद.

मी पायदळातून निवृत्त झालेला सुभेदार. नोकरीतली बरीच वर्षं शस्त्र प्रशिक्षणात गेली. आता सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे पळवतो आणि संध्याकाळी चार गोष्टी शिकवतो. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ते जितकं आपल्यासाठी आहे तितकंच या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

गेल्या महिन्यात दोर चढायचा सराव उरकून पोरं पारावर टेकली होती. त्यातल्या एकानं आपल्या लष्कराच्या इन्सास या देशी रायफलीबद्दल विचारलं, "उस्ताद, इन्सासच्या गोळीनं माणूस मरत न्हाई म्हणं, निसता जखमी हुतो. खरं हाय का?" दुसऱ्यानं लगेच पुढचं सांगितलं, "एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघं लागत्यात. म्हंजे एका गोळीत तिघं गेलं. तशीच बनवलीय ती." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, अजून रायफल हातात धरलेली नाही, आणि हे वाक्य मात्र पाठ. मला राग आला नाही, पोटात खड्डा पडला. कारण हेच वाक्य एकदा मी स्वतः बोललो होतो आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या पोरानं चुकवली.

ते आधी सांगतो.

एका चौकीवर आमची तुकडी गस्तीहून परतली होती. अंधारून आलं होतं, सगळे थकलेले. शस्त्रं रिकामी करताना एका जवानाच्या रायफलीतून गोळी सुटली आणि शेजारी उभ्या असलेल्या, माण तालुक्यातल्या बावीस वर्षांच्या पोराच्या मांडीत गेली. मी पाच पावलांवर होतो. टॉर्च मारून बघितलं तर पँटला मसुराएवढं भोक. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. रक्तही फार वाहत नव्हतं. पोरगं शुद्धीवर होतं, उलट गोळी ज्याच्या हातून सुटली त्यालाच धीर देत होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "घाबरू नको, इन्सासची आहे, जखमच करते." भोकावर फील्ड ड्रेसिंग बांधली, पाणी पाजलं, गाडी मागवली. गाडीला वीसेक मिनिटं लागली. ती वीस मिनिटं आम्ही निर्धास्त होतो.

मांडी आतून फुगत चालली आहे हे लक्षात आलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. रुग्णालयाच्या दारात पोहोचण्याआधी तो गेला. नंतर डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून मला दाखवला. मांडीच्या आत पांढरे ठिपके पसरले होते, परातीत मीठ सांडावं तसे. गोळी आत शिरून आडवी झाली, मोडली, आणि तिच्या तुकड्यांनी मोठी रक्तवाहिनी फाडली. बाहेरचं भोक मसुराएवढं, आतली पोकळी माझ्या मुठीएवढी. साहेब एवढंच म्हणाले, "वर पट्टा आवळायला हवा होता, लगेच."

त्याच्या घरी मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर मी या विषयाचं हाती लागेल ते वाचलं, डॉक्टरांना भंडावून सोडलं. जे समजलं ते साध्या शब्दांत मांडतो.

इन्सासची गोळी 5.56 मिलिमीटर जाडीची, वजन साधारण 4 ग्रॅम. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला 900 मीटरच्या आसपास. इन्सासच्या आधीच्या एसएलआर रायफलीची 7.62 ची गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग थोडा कमी, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट. इथंच सगळे फसतात. दुप्पट ऊर्जा म्हणजे दुप्पट घातक, असा हिशेब मांडतात. पण गोळी जी ऊर्जा घेऊन शरीराच्या पलीकडे निघून जाते, ती त्या शरीराच्या कामी येत नाही. डॉ. मार्टिन फॅकलर नावाचे अमेरिकी लष्करी सर्जन होते, व्हिएतनाम युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केलेले. त्यांनी पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेत मांसासारख्या घट्ट जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून प्रत्येक गोळीचा आतला माग मोजला. एके-47 ची नेहमीची गोळी जवळजवळ 25 सेंटिमीटर सरळ जाते आणि मग आडवी होते. म्हणजे पुष्कळदा ती शरीराला सरळ भोक पाडून बाहेर पडलेली असते. 7.62 ची नाटो गोळी, म्हणजे एसएलआरची, 15 सेंटिमीटरच्या सुमारास आडवी व्हायला लागते. आणि एम-16 या अमेरिकी रायफलीची, इन्साससारखीच 5.56 ची गोळी, वेग पुरेसा असेल तर, 12 सेंटिमीटरच्या आसपास आडवी होऊन तिच्या कमरेच्या खाचेवर मोडते आणि तिचे तुकडे चहूबाजूंना घुसतात. जितकी जवळून, तितकं हे होण्याची शक्यता जास्त. आमची गोळी तर दोन हातांवरून सुटली होती.

ती हवेत कोलांट्या खात जाते, खांद्यात शिरून पायातून निघते, असंही पोरं सांगतात. तसं नाही. हवेत ती फिरकीमुळे भोवऱ्यासारखी सरळ असते. मांस हवेपेक्षा शेकडो पट दाट, तिथं ती फिरकी पुरत नाही, म्हणून मागचा जड भाग पुढं येऊ पाहतो. सगळ्याच लांबट, टोकदार गोळ्यांचं असं होतं.

अंतर वाढलं, वेग उतरला की हीच गोळी मोडत नाही, बारीक भोक पाडून जाते. आखूड नळीतून झाडली तर हे आणखी लवकर होतं. जाड भिंत, झाडाचा बुंधा, चारशे-पाचशे मीटरचा पल्ला, अशा ठिकाणी 7.62 भारी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये आपल्या मंत्रालयानं 7.62 च्या 72,400 सिग-716 रायफली मागवल्या, त्यामागं डोंगरातल्या लांब पल्ल्याचं कारण असेल तर ते मला पूर्ण पटतं. पण तेव्हा बातम्यांत काय आलं? इन्सास जखमी करणारी, नवी रायफल ठार करणारी. हे वाक्य कुणीही खोडलं नाही. ते थेट माझ्या गावच्या पारावर आलं.

ही अफवा काही आजची नाही. 1895 मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रजांच्या फौजेकडं नवी .303 रायफल होती. तिच्या आधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी बोटाएवढी जाड, ही बारीक. शिपाई तक्रार करू लागले की या गोळीनं पठाण थांबत नाही, धावतच येतो. मग कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी बनली. तीच कुप्रसिद्ध दमदम गोळी, आणि 1899 मध्ये हेगच्या परिषदेनं तसल्या गोळ्यांना युद्धात बंदी घातली. पुढं तीच .303 आमच्या आधीच्या पिढीला इतकी भारी वाटू लागली की एसएलआर आली तेव्हा जुने लोक हळहळले. इन्सास आल्यावर आम्ही एसएलआरसाठी हळहळलो. मागच्या पिढीची गोळी नेहमीच जास्त जोराची असते!

'जखमी करण्यासाठीच बनवली' याचंही तसंच. 1952 मध्ये नॉर्मन हिचमन यांनी अमेरिकी लष्करासाठी केलेल्या अहवालात दिसलं की पायदळाची रायफल बहुतेक वेळा 300 यार्डांच्या आतच उपयोगी पडते. मग शिपायानं लांब पल्ल्याच्या जड गोळीचं ओझं का वाहायचं? 7.62 ची एक राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, साधारण 24 ग्रॅम, 5.56 ची 12. शंभर राउंडला सव्वा किलोच्या आसपास फरक पडतो. पाठीवर सामान घेऊन जो डोंगर चढला आहे त्याला सव्वा किलो म्हणजे काय ते विचारा. धक्काही कमी, त्यामुळं दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते. कारण हे होतं. 'दोघांनी उचलावं' हा हिशेब नंतर कुणीतरी चिकटवलेला आहे. आपल्या जवानांसमोर जो घुसखोर असतो, त्याचे साथीदार त्याला उचलायला थांबत नाहीत, हे सीमेवर राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

आणि जग काय म्हणत होतं? व्हिएतनामनंतर स्वीडनसारखे देश आंतरराष्ट्रीय बैठकांत हीच गोळी फार क्रूर जखमा करते म्हणून तक्रार करत होते. सप्टेंबर 1979 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनं लहान कॅलिबरच्या, म्हणजे बारीक गोळीच्या, शस्त्रांवर ठराव केला, त्यांच्या जखमांची तीव्रता विनाकारण वाढू नये म्हणून देशांनी काळजी घ्यावी असा. ज्या गोळीबद्दल असा ठराव झाला ती 'फक्त जखमी करते' असं आपण आपल्या पोरांना शिकू देतो आहोत.

मग शिपायांनी डोळ्यांनी पाहिलं ते खोटं का? नाही. गोळी लागूनही समोरचा धावत राहिला, त्यानं दोन राउंड परत झाडले, हे खरंच घडतं. पण ते कुठल्याही रायफलीनं घडतं. मेंदू किंवा मणक्याच्या वरच्या भागात लागली तरच माणूस जागच्या जागी कोसळतो. हृदय फुटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागं उडतो. एसएलआरच्या गोळीचा सगळा रेटा 70 किलोच्या माणसाला दिला तरी त्याला सेकंदाला अकरा-बारा सेंटिमीटरची हालचाल मिळते. उडवायची ताकद असती तर झाडणाराही तितकाच मागं उडाला असता. गोळी कुठं लागली यावर सगळं ठरतं. जून 1968 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडी गेले ते .22 च्या रिव्हॉल्व्हरनं, ज्या बोरला (नळीच्या भोकाच्या मापाला) आपल्याकडं नेमबाजीच्या सरावाचं समजतात. 30 जानेवारी 1948 ला बिर्ला हाउसमध्ये बापूंवर जे पिस्तूल चाललं, त्याच्या .380 बोरला शस्त्रांचे शौकीन आजही कमजोर म्हणतात.

महोदय, इन्सासमध्ये दोष नव्हते असं मी म्हणत नाही. थंडीत तडकणारी मॅगझिन, अडकणारे राउंड, हे कारगिलच्या वेळी जगजाहीर झालं. ते दोष रायफलीचे होते आणि आपण त्यांचं खापर गोळीच्या जाडीवर फोडलं. त्या रायफलीचा आराखडा पुण्यात पाषाणला झाला, गोळ्या आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनतात. तिथल्या कामगारांच्या हातच्या मालाला आयुष्यभर 'न मारणारी गोळी' म्हणून हिणवलं गेलं, याचंही मला वाईट वाटतं. आणि आता पाषाणच्याच आराखड्याची नवी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, येते आहे, तीही 5.56 ची. म्हणजे हे वाक्य आणखी एका पिढीच्या डोक्यात बसणार.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात, रिक्रूटच्या हातात रायफल देण्याच्या दिवशीच, जिलेटिनचा एक ठोकळा त्याच्यासमोर ठेवा. त्यात इन्सासची एक गोळी झाडून ठोकळा मधोमध कापून दाखवा. एकदा आतलं बघितलं की शस्त्र रिकामं करताना नळी कुठल्या दिशेला आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज राहणार नाही. त्याच तासाला, त्याच उस्तादानं, टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, बांधायला शिकवावं. गोळी शिकवणारा वेगळा आणि जखम शिकवणारा वेगळा, असं आमच्या वेळी होतं. मांडीतलं छोटं भोक म्हणजे छोटी जखम नव्हे, हे मला शस्त्राच्या तासाला कुणी शिकवलं नाही आणि मीही पुढं कुणाला शिकवलं नाही.

दुसरं, सेनादलांच्या रुग्णालयांत गोळीच्या जखमांची जी नोंद होते, त्यातून नावं-गावं काढून ती अभ्यासाला खुली करावी. पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे काम तिथं उत्तम होईल. आपल्याच जवानांच्या जखमांतून शिकायचं सोडून आपण अजून अमेरिकेच्या ठोकळ्यांवर विसंबतो. आणि यापुढं नवं शस्त्र घेताना आपल्या मंत्रालयाच्या निवेदनात पल्ला, वजन, अचूकता यांची कारणं स्पष्ट लिहा. तिथं मोकळी जागा सोडली की ती अफवा भरून काढते.

सरावाच्या राउंड वाढवाव्यात हे तर प्रत्येक उस्ताद प्रत्येक साहेबांना सांगत आला आहे, मीही सांगतो.

माझ्याकडची चार पोरं या वेळच्या भरतीत निवडली गेली आहेत. त्यातला दोर चढून प्रश्न विचारणारा एक आहे. त्याला मी माझ्या परीनं मांडीवर पट्टा कुठं आणि किती आवळायचा ते दाखवलं आहे, जुन्या सायकलच्या ट्यूबनं. ठोकळा मला दाखवता येत नाही, तो आपल्याकडं आहे. पुढच्या महिन्यात ते पोरगं बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रात हजर होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार
जिल्हा सातारा