प्रार्थनेतील ऋण आणि रोजची भाकर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त दरवर्षी ओवी, अभंग, भारुड आणि जात्यावरची गाणी यांवर आवर्जून लिहिले जाते व मी ते मन लावून वाचते, कारण तेही माझेच आहे. मात्र मराठी घरांत आणखी एक मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात आली आहे. ती म्हणजे मराठी ख्रिस्ती आयांची प्रार्थनेची मराठी. ती आमच्याच घरांतून, आमच्याच हलगर्जीपणामुळे नाहीशी होते आहे, असे मला गेली काही वर्षे तीव्रतेने वाटते आणि म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझे बालपण नागपूरच्या सदर भागात गेले. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती आणि महिन्यातून दोन आठवडे तिला नाईट ड्यूटी असे. त्या दिवसांत संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना बैठकीत होणे शक्यच नसे. ती स्वयंपाकघरात, शेगडीजवळ होई. आई पांढरी साडी नेसून, छातीशी घड्याळ टाचून तयार असे आणि पदर खोचून आमच्यासाठी ज्वारीच्या भाकरी थापत असे. परातीत पीठ फिरवता फिरवता ती ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला सुरुवात करी आणि आम्ही तिघे भावंडे पाटावर बसून मागोमाग म्हणत असू. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ येईपर्यंत पहिली भाकर तव्यावर पडलेली असे आणि आई तिच्यावर पाण्याचा हात फिरवीत असे. त्यामुळे ती भाकर म्हणजे नेमकी हीच भाकर, यात मला लहानपणी तिळमात्र शंका नव्हती. देव ती देतो म्हणजे आईच्या हातून देतो, एवढेच मला समजत होते आणि आज पन्नाशी ओलांडल्यावरही त्याहून अधिक काही समजले आहे, असे मी म्हणू शकत नाही.

त्यापुढची ओळ मात्र अवघड होती. ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ शाळेत तेव्हा धन आणि ऋण संख्या शिकवीत असल्यामुळे मला वाटे की ही वजाबाकीची काहीतरी भानगड आहे. मी सहावीत असताना त्या ओळीचा अर्थ मला कळला. आमच्या चाळीतील एका बाईने लेकीच्या बाळंतपणासाठी आईकडून दीडशे रुपये उसने नेले होते. आमच्या घरी दीडशे रुपये म्हणजे किराण्याची महिन्याची उधारी चुकती होईल एवढी रक्कम. ती बाई पुढे आम्हाला टाळू लागली, नळावर आई दिसली की बादली अर्धी भरलेली असतानाच उचलून नेऊ लागली. वडिलांनी एकदा आईला विचारले की, पैसे मागत का नाहीस? आई म्हणाली, ‘रोज संध्याकाळी पोरांसमोर म्हणते न मी, सोडलं आहे म्हणून. मग कसं मागू?’ दुसऱ्या दिवशी ती स्वतःच त्या बाईच्या दारी गेली, बाळाला मांडीवर घेतले, बाळंतिणीला काय खायला घालावे ते सांगितले आणि पैशांचा विषय आता संपला, असे सांगून परत आली. त्यानंतर ती बाई नळावर थांबू लागली.

क्षमेवर मी पुढे कितीतरी प्रवचने ऐकली आणि त्यांतली काही फार चांगली होती. परंतु ‘सोडले आहे’ या क्रियापदाचा अर्थ मला आईने शिकवला. आधी आपण सोडायचे आणि मगच मागायचे, हा क्रम त्या मराठी वाक्यात स्पष्ट आहे.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. तो निर्णय आमचाच होता आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. तिला हीच प्रार्थना इंग्रजीत खडानखडा पाठ आहे. मराठीत जिथे ‘ऋणे’ आहे तिथे तिच्या इंग्रजी प्रार्थनेत ‘ट्रेसपासेस’ हा शब्द येतो. एकदा मी तिला ‘ट्रेसपासेस’ म्हणजे काय, असे विचारले, तेव्हा तिने क्षणभर विचार करून सांगितले की, दुसऱ्याच्या आवारात परवानगीशिवाय शिरणे. तिचे उत्तर चुकीचे नव्हते, पण रोज रात्री देवासमोर ती कशाची क्षमा मागते आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ‘ब्रेड’ या शब्दापाशीही तिच्या डोळ्यांसमोर बेकरीतला कापलेला पाव येत होता. भाकर तिने आजीच्या हातची शेकडो वेळा खाल्ली आहे, तरी तिची प्रार्थना आणि तिच्या ताटातली भाकर यांची गाठ पडलेली नव्हती. इंग्रजीत प्रार्थना केल्याने श्रद्धा उणी होते, असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण देवाला सर्व भाषा कळतात. माझे म्हणणे मुलाला काय कळते याविषयी आहे.

मराठीतील ही प्रार्थना काही काल-परवाची नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे मिशनरी विल्यम केरी यांनी बायबलमधील मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली मराठीत छापले आणि ही प्रार्थना त्याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांनी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मराठीत लिहिलेली भजने आजही आमच्या उपासनेत गायिली जातात. हा प्रवास आपल्या स्थानकावरून सुरू झाला, हे आमच्या मुलांना कोणी सांगतच नाही.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची गोष्ट. निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा साध्या मराठीत अख्ख्या बायबलचे भाषांतर केले आणि ते तेथल्याच स्त्रियांकडून छापून घेतले. हे काम शेवटाला आले असताना, १९२१ साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. जिच्या हयातीतच लेक गेली, ती आई छापखान्यातून आलेले कागद तपासत राहिली आणि काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी तिने देह ठेवला. त्या मधल्या महिन्यांत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द त्यांनी कसे उच्चारले असतील, हा विचार मला आई झाल्यापासून सोडत नाही.

म्हणून माझ्या समाजातील आयांना आणि बापांनाही माझी कळकळीची विनंती आहे की, शाळा कोणत्याही माध्यमाची असो, दिवसातून एकदा, जेवणाआधी म्हणा किंवा निजताना म्हणा, मुलांबरोबर मराठीत प्रार्थना करावी आणि अडलेला शब्द घरातल्या एखाद्या प्रसंगाने समजावून सांगावा. संडे स्कूलचे वर्ग चालवणाऱ्यांनी मराठी वाचन बंद करू नये. आणि संपादक महोदय, आपणांसही एक विनंती आहे. नाताळात आमच्याविषयी छापले जाते ते बहुधा रोषणाई आणि केक यांपुरतेच असते. आमच्या घरी त्या दिवसांत करंज्या, चकल्या आणि अनारसेही होतात आणि वर्षभर संध्याकाळी मराठीत प्रार्थना होते. त्याविषयीही कधी आपल्या पुरवणीत जागा मिळावी.

माझी आई आता आमच्याबरोबर राहते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत मी मुलीला आजीसाठी रोज बायबलमधला एक उतारा मराठीतून वाचायला बसवले. सुरुवातीला ती जोडाक्षरांशी अडखळत असे आणि आजी डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगत असे. मागच्या आठवड्यात मत्तयाचा सहावा अध्याय आला. ‘ऋण्यांस’ या शब्दापाशी मुलगी थांबली आणि तिने अर्थ विचारला. आईने तिला दीडशे रुपयांची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, नळ, बादली, बाळंतीण, सगळे काही. मुलीने साहजिकच विचारले की, त्या आजी कोण होत्या? मला ते नाव माहीत आहे. आईने ते नातीलाही सांगितले नाही. ‘तू वाच पुढे,’ एवढेच ती म्हणाली.

आपली नम्र,
एक आई व नियमित वाचक,
नागपूर