प्रयोगवहीतील वाचने कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्राच्या तृतीय वर्षाला जेमतेम आठ-दहा विद्यार्थी उरल्याची चर्चा सुरू होते आणि विषयच बंद करण्याची भाषा होऊ लागते. परभणी-हिंगोली भागात हा विषय अनेक वर्षे शिकवलेला असल्याने सांगावेसे वाटते, की प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही कमी संख्या उणीव नसून सोय आहे. ती आपण वाया घालवत आहोत.

न्यूटनच्या वलयांचा प्रयोग घ्या. सपाट काचेवर भिंग ठेवून त्यावर प्रकाश टाकला की काळी-उजळ वलये दिसतात आणि ती मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढतात. सोडियमचा दिवा आधी गुलाबी दिसतो. तो पुरता पिवळा होईपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. मग ४५ अंशांत ठेवलेली काच किंचित हलवत, सूक्ष्मदर्शी खालीवर करत वलये शोधायची. मधला ठिपका काळा हवा. तो उजळ दिसला तर बहुधा भिंगाखाली धूळ असते, ती पुसून पुन्हा मांडणी करायची. वाचने घेताना स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, कारण मध्येच उलटा फिरवला की आट्यांतील ढिलाईमुळे वाचन चुकते. हे सारे स्वतः करणाऱ्या मुलाला पहिल्याच खेपेस सोडियमच्या प्रकाशाची पुस्तकातली ५८९३ अँगस्ट्रॉम ही तरंगलांबी क्वचितच मिळते. मी तपासलेल्या बहुतेक वह्यांत मात्र ती हमखास तिथेच असे, कारण वाचने मागल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेली असत.

दोष केवळ मुलांच्या माथी मारता येणार नाही. दिवा बिघडलेला, प्रयोगशाळा परिचराचे पद रिक्त आणि शिकवणारे प्राध्यापक तासिका तत्त्वावर. मानधन तासांच्या हिशेबाने मिळत असताना वलये दिसेपर्यंत त्यांनी थांबावे तरी कशाच्या बळावर?

याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अवकाशातील प्रचंड घडामोडींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांमागचे मूळ तत्त्व मायकेल्सनच्या व्यतिकरणमापीचेच (प्रकाश दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणणाऱ्या आणि त्यावरून अतिसूक्ष्म अंतर मोजणाऱ्या उपकरणाचेच) आहे, म्हणजे पदवीच्या पुस्तकात शिकवले जाते तेच. भोवतालच्या महाविद्यालयांतील मुलांनी ते उपकरण एकदाही हाताळलेले नसेल, तर वेधशाळेत स्थानिकांना संधी मिळावी ही आपली मागणी पहारेकरी आणि वाहनचालक यांच्यापुरतीच उरेल.

तेव्हा उच्च शिक्षण विभागाने केवळ पटसंख्या पाहून विषय बंद करू नये, परिचरांची पदे भरावीत आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी वेगळी तरतूद करावी. विद्यापीठांनी प्रात्यक्षिक परीक्षेत वहीतील कोणतेही एक वाचन विद्यार्थ्याला परीक्षकासमोर पुन्हा घ्यायला लावावे. आठ-दहा विद्यार्थ्यांच्या वर्गात हे एका दुपारचे काम आहे आणि त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, परभणी