आयुक्तसाहेब, तुमच्या हेल्पलाइनने मला माझाच नंबर दिला

मा. आयुक्तसाहेब,
सप्रेम नमस्कार.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खुलाशाची नोटीस येते, आणि एक नोटीस माझ्याकडे आधीच येऊन पडली आहे. तिचं उत्तर लिहिण्यात माझी संक्रांत गेली. पण वाचलंत तर तुम्ही ओळखाल. ऊस आहे, नदी आहे, बायपास आहे, आणि महापालिकेच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली एक पांढरी गाडी उभी आहे.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेबाराला बायपासवर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरने एका खोंडाला उडवलं. ट्रॅक्टर थांबला नाही. त्यावर गाणी इतक्या जोरात लावलेली असतात की त्याला कळलंही नसेल. ढाब्यावरच्या पोराने मला फोन केला आणि मी तुमच्या हेल्पलाइनला, कारण तीनशे किलोचं जनावर माझ्या ॲक्टिव्हावर मावत नाही. पलीकडच्या मुलाने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, तक्रार नोंदवून घेतली आहे. आत्ता गाडी उपलब्ध नाही. एक नंबर देतो, त्या मॅडम येतात. लिहून घ्या." आणि तो आकडे सांगायला लागला. चौथ्या-पाचव्या आकड्याला माझ्या लक्षात आलं, तरी मी त्याला दहाही आकडे पुरे करू दिले.

माझाच नंबर होता.

त्या मुलावर राग नाही. त्याला रात्रपाळीला बसवून समोर एक कागद चिकटवून दिला असणार. माझा नंबर त्या कागदावर कोणी लिहिला, मला विचारून लिहिला का, आणि तुमच्या शहराचा पशुवैद्यकीय विभाग मी कधीपासून झाले, एवढंच विचारायचं आहे.

साहेब, तुम्हाला आठवतं का बघा. गेल्याच्या गेल्या वसुबारसेला ताडपत्रीखालच्या त्या पांढऱ्या गाडीचं लोकार्पण झालं. हायड्रॉलिक लिफ्टची गाडी, थोरली जनावरंसुद्धा उचलता येतील अशी. गाडीची किंमत कोणी बावीस लाख सांगतं, कोणी अठ्ठावीस. मधले सहा लाख कुठे गेले ते मला विचारू नका. त्या दिवशी पूजेसाठी गाय-वासरू लागत होतं, तेही मीच आणून दिलं होतं. तुमच्या ऑफिसातून फोन आला होता, "ताई, जरा शांत गाय बघा, साहेबांना शिंग लागता कामा नये." मी शांत गाय आणली. तुम्ही तिला पुरणपोळी भरवली, फोटो काढले आणि माइकवरून म्हणालात, "आता आपल्या प्राणीमित्रांना रात्री-अपरात्री धावावं लागणार नाही." टाळ्या मीही वाजवल्या.

त्यानंतर गाडी जी ताडपत्रीखाली गेली ती तिथेच आहे. माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर आलं: "सदर वाहनासाठी चालकाचे पद आकृतिबंधात मंजूर नाही." म्हणजे गाडी घेताना ती कोणीतरी चालवावी लागते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तर मंगळवारची रात्र. मी, एक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, एक मुलगी जी दिवसा मेडिकलच्या दुकानात काम करते, आणि निवृत्त पशुवैद्य असलेले आमचे डॉक्टर, वय ६८. आमची संस्था म्हणजे एवढीच. एक कपाट, त्यात जखमेवर टाकायची निगासंट पावडर, सलाइनच्या बाटल्या, गॉजचे गठ्ठे, चार पोती आणि एक जाळं. खोंडाचा मागचा पाय खुब्यापासून गेला होता. जनावर एका कुशीवर पडून राहिलं की पोट फुगतं आणि त्यानेच जातं, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावून छातीवर बसवून ठेवलं. मान सरळ धरायची, नाहीतर लाळ घशात जाते. ती मान मी दीड तास धरली. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, सलाइन लावलं. सलाइनची बाटली टांगायला ढाबेवाल्याने झेंड्याची काठी दिली.

मग भाजीवाल्याचा छोटा हत्ती बोलावला. खोंड चढवायचा तो छोट्या हत्तीत! फळ्या लावल्या, दोर लावले, ढाब्यावरची चार माणसं आली. अर्ध्यावर चढवला आणि त्याने घाबरून चांगल्या पायाची लाथ झाडली. आमच्या बी.कॉम.वाल्या मुलाचं मनगट मोडलं. त्या आवाजाबद्दल मी लिहीत नाही.

पहाटे साडेचारला खोंड गेला. सहाला मी तुमच्याच हेल्पलाइनला पुन्हा फोन केला, मृत जनावर आहे म्हणून. सहा पन्नासला आरोग्य विभागाची गाडी हजर! चालक आहे, दोन कामगार आहेत, हातमोजे आहेत, सगळं आहे. मेलेल्या जनावराला आपल्या शहरात पन्नास मिनिटांत गाडी मिळते. जिवंत असताना सव्वा वर्षात मिळाली नाही. मी त्या कामगारांना चहा पाजला, बिचाऱ्यांचा काय दोष.

डॉक्टरांचा आग्रह होता म्हणून शवविच्छेदन झालं. पोटात घमेलंभर प्लॅस्टिक. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, लग्नातल्या द्रोणांचा चकचकीत कागद. राज्यात प्लॅस्टिकबंदी २०१८ ची आहे. ती आता खोंडाच्या पोटात सापडते. पोलिसांत गेले. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, जनावराला ठार किंवा अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हवालदारांनी विचारलं, "मालक कोण?" मी म्हटलं, तेच तर शोधायचंय. ते म्हणाले, मालक नाही तर नुकसान कोणाचं? यावर मला उत्तर सुचलं नाही, तुम्हाला सुचलं तर कळवा.

मालक आहे, साहेब. आमच्याच जिल्ह्यात कुठेतरी आहे. गळ्यात दाव्याचा वळ ताजा होता. जर्सीचा गोऱ्हा म्हणजे गोठ्यातला नकोसा पाहुणा. दूध देत नाही, वशिंड नसल्यामुळे त्याच्या मानेवर जू टिकत नाही, नांगरट तर ट्रॅक्टर करतो. २०१५ चा गोवंश हत्याबंदी कायदा आल्यापासून कसायाला विकताही येत नाही. मी कापा म्हणत नाहीये, माझ्यावर ट्रोल सोडू नका. मी माळकरी घरातली आहे. पण दुधाचा दर परवडेना अशा माणसाने दहा-बारा वर्षं त्याला वैरण कुठून घालायची, हे कायदा करणाऱ्यांनी कोणाच्या खात्यात मांडलं? त्याने रात्री दावं सोडून दिलं. खोंड चालत चालत तुमच्या हद्दीत आला आणि तुमच्या हद्दीतून माझ्या मांडीवर. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट गुरं ५० लाख मोजली होती आणि भटकी कुत्री दीड कोटी. मोजणाऱ्यांचं कौतुक आहे. मोजून झाल्यावर काय केलं?

कोंडवाड्याचं विचारूच नका. तिथे आता तुमच्या जप्त केलेल्या हातगाड्या ठेवल्या आहेत.

आता कुत्र्यांकडे येते, म्हणजे नोटिशीकडे. "निवासी भागात विनापरवाना प्राणी ठेवून दुर्गंधी व उपद्रव निर्माण केल्याबाबत." माझ्या सासऱ्यांची पत्र्याची शेड आहे, तिच्यात नऊ कुत्री आहेत. दोघांचे मागचे पाय लुळे आहेत, एकीला गाठीच्या आजारासाठी आठवड्याला इंजेक्शन चालू आहे, एकाच्या डोक्यात अळ्या पडल्या होत्या, त्याचा कान गेला पण तो जगला. बाकीची बरी होऊन आपापल्या गल्लीत परत जाणार होती, पण गल्लीवाले घेईनात. साहेब, संत नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, तर आपण त्यांचं देऊळ बांधलं. आज धावले असते तर सोसायटीच्या सेक्रेटरीने व्हिडिओ काढून तुमच्या वॉर्ड ऑफिसला टाकला असता. घरोघरी दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री चालतात, फाटकाबाहेर एक चालत नाही.

निर्बीजीकरणाचा ठेका तुम्ही दिला आहे. नियमाप्रमाणे शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, म्हणजे पुन्हा पकडायला नको. स्टेशन रोडला एक तांबडी कुत्री आहे. कानाला नीट खाच आहे आणि पोटाखाली सहा पिल्लं. ठेकेदाराने शस्त्रक्रिया केली असणारच, फक्त कानाची. बिल निघालं का हो त्याचं? माझ्या वहीत अशा खाचवाल्या बाळंतिणी मी एका वर्षात अकरा लिहिल्या आहेत, आणि मी काही सगळं शहर फिरत नाही.

आणि कोर्टाचे निकाल! ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. २२ ऑगस्टला ते बदलून निर्बीजीकरण आणि लसीकरण करून परत सोडा म्हटलं, पिसाळलेली आणि हिंसक तेवढी वगळून. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका म्हटलं, आणि महामार्गांवरची मोकाट गुरंही हलवा. तिन्ही वेळा फोन मलाच आले. दोन बाजूंनी शिव्या: एक म्हणतो तुमच्यामुळे कुत्री वाढली, दुसरा म्हणतो तुम्ही उचलू का देता. निवारा कुठे आहे, हे तिसरा कोणी विचारत नाही. आपल्या शहरात आहे का, साहेब? माझी पत्र्याची शेड मोजली तर एक आहे, आणि तिला तुम्ही नोटीस दिली आहे.

चावलेल्या मुलांच्या आया येतात ना, त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. मलाही चार वेळा चावलंय. शेवटच्या वेळी जखम खोल होती, सरकारी दवाखान्यात लस मिळाली. मी आधीच प्रतिबंधक डोस घेतलेले, म्हणून सीरमची, म्हणजे जखमेतच टोचायच्या तयार प्रतिपिंडांची, गरज नव्हती. बाजूच्या बाकावर एक ऊसतोड बाई पोराला घेऊन बसली होती, त्याला सीरम लागणार होतं, आणि सीरम "बाहेरून आणा". मेडिकलवाल्या मुलीने आपल्या पगारातून आणून दिलं. गोव्यात लस घेऊन माणसं गल्लोगल्ली फिरली, टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची मोबाइलवर नोंद झाली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. गोवा काही चंद्रावर नाही. आपल्याकडे १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने कुत्रं मारायला आठ आणे लावले होते, पारशी लोकांनी दंगल केली होती. दोनशे वर्षं होत आली, आपली अजून दराचीच बोलणी चालू आहेत.

दरावरून आठवलं. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंध कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. उकळतं पाणी ओतलेल्या एका मांजरीसाठी मी सात वेळा पोलीस ठाण्यात गेले. रिक्षाचेच दंडापेक्षा जास्त झाले. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी हवी. आमच्या जिल्ह्यात ती कागदावर आहे, आणि तो कागद कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नाही.

मागणं लिहायचं राहूनच गेलं, खरं तर त्यासाठीच बसले होते. चालक नेमा. कंत्राटी नेमा, मानधनावर नेमा, पण नेमा. कोंडवाड्यातून हातगाड्या काढा. ठेकेदाराची बिलं थांबवून ती तांबडी कुत्री एकदा डॉक्टरांना तपासू द्या. नोटीस मागे घ्या, नाहीतर नऊ कुत्री कुठे नेऊ तो पत्ता द्या. आणि त्या मुलाच्या हाताचं बघा. प्लेट बसवावी लागली, घरच्यांचे बेचाळीस हजार गेले. सर्पमित्रांना दहा लाखांचा अपघात विमा देणार अशी घोषणा २०२५ मध्ये पेपरात वाचली होती, चांगलं आहे. आम्ही साप सोडून बाकी सगळं उचलतो, त्यामुळे आम्ही कोणत्या यादीत बसतो ते कळत नाही. त्याची आई मला म्हणाली, "ताई, पुण्याचं काम आहे, मला कळतं. पण त्याची परीक्षा उजव्या हाताने असते." मी चहा न घेता उठले. तो मुलगा मात्र काल मेसेज करतोय, काकू, तांबडीची पिल्लं हलवली का, पाऊस येणार म्हणतात.

मी अल्पबचतीची एजंट आहे, साहेब. दिवसभर लोकांचे शंभर-दोनशे गोळा करते, त्यातलं कमिशन कुत्र्यांच्या भातात जातं. नवरा बोलत नाही, फक्त गॅस सिलेंडर लवकर का संपतो एवढं विचारतो. स्वयंसेवक हा शब्द तुम्ही लोकांनी फार गोड करून ठेवलाय. त्याचा तुमच्या ऑफिसातला अर्थ आहे: पगार नको, विमा नको, पद मंजूर करायला नको, आणि चुकलं तर नोटीस द्यायला नाव-पत्ता तयार.

ड्रायव्हर मिळाला तरी गाडी लगेच सुरू होणार नाही, हेही सांगून ठेवते. सव्वा वर्ष उभी आहे, बॅटरी उतरली असणार, आणि मागच्या डाव्या चाकात हवा नाही. परवा ताडपत्री उचलून बघितलं. जंपरची केबल माझ्या डिकीत असते. रात्री लागली तरी फोन करा. नंबर हेल्पलाइनवर मिळेल.

आपली,
एक अल्पबचत प्रतिनिधी
(आणि, तुमच्या कागदाप्रमाणे, पशुवैद्यकीय विभाग)