खडपावरचं जनावर

सिडनी, १५ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

धाकट्याने तुम्हाला काय सांगितलं ते मला आईच्या रडण्यावरून कळलं. साप चावला नाही. चावायला आलाही नव्हता. लागलं ते गुडघ्याला, आणि ते माझ्याच चुकीने. ती चूक आईसमोर फोनवर कबूल करायची नव्हती, म्हणून पत्र लिहिते आहे. आधी तुम्ही वाचा, मग तिला जेवढं सोसेल तेवढं वाचून दाखवा.

शहराच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क नावाचं जंगल आहे, १८७९ साली राखून ठेवलेलं. झुडपं पार समुद्रापर्यंत येतात आणि एकदम कडा तुटतो. वॉटामोलाच्या बाजूला खाली खडप आहे. आपल्यासारखा जांभा नाही, पिवळट वाळूचा दगड. लाटांनी कापून कापून ओटीसारखा सपाट केलाय. माझ्या कामावर एक व्हिएतनामी म्हातारबुवा आहेत, रविवारी त्यांच्याबरोबर गरवायला जाते. त्यांची तऱ्हा ऐकून तुम्ही हसाल. गरीला ना कोळंबी, ना तारली. हिरवं शेवाळ लावतात! लुडरिक नावाचा मासा इथे त्याच्यावरच जगतो. मीही आधी थट्टा केली, मग दोन तासांत तीन लागले तेव्हा गप्प बसले. २७ सेंटिमीटरच्या आतला असेल तर परत पाण्यात सोडायचा, माणशी दहाच्या वर ठेवायचे नाहीत, असा कायदा आहे, आणि गरवायचं तर सरकारकडे पैसे भरावे लागतात, तेही घरच्या चुलीपुरतं. हे आपल्या बंदरावर कुणाला सांगू नका.

तर त्या दिवशी रात्री पाऊस पडून गेला होता आणि सकाळी लख्ख ऊन. पिशवी मी कड्याच्या बाजूला कोरड्यावर ठेवली होती. तिथे फटीतून गोडं पाणी झिरपतं, बेडूकही असतात. त्याचा अर्थ मला कळायला हवा होता, सड्यावर वाढलेल्या मुलीला. नवी गरी काढायला वळले तर पिशवीच्या बंदाशेजारी काळंभोर, चकचकीत काहीतरी. पहिल्यांदा वाटलं, बुवांनी वाम धरून टाकलीय. मग ते सरकलं. पाठ भिजलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी आणि पोटाच्या कडेने कुंकू ओढल्यासारखा लाल रंग. लांबी माझ्या खांद्याएवढी तरी असेल.

माझा हात आपोआप काठीकडे गेला. फुरसं दिसलं की आपल्याकडे जसा जातो तसा. बुवा मागून फक्त "हलू नको" म्हणाले. त्या जनावराने मान जराशी चपटी केली, नागासारखा फणा नव्हे, नुसती पसरट, आणि मी दगड झाले तसं ते सावकाश फटीकडे निघालं. त्याला इथे लाल पोटाचा काळा साप म्हणतात. विषारी खराच, पण त्याच्या दंशाने माणूस दगावल्याचं क्वचितच ऐकू येतं. आणि मारायचा नाही, इथे तो गुन्हा आहे.

आता चूक. ते पूर्ण आत जाईपर्यंत मी बघत राहिले, समुद्राकडे पाठ करून. लहानपणी देवगडच्या दीपगृहाखाली तुम्ही मला पहिल्यांदा गरी हातात दिलीत, तेव्हा माशाचं काही न सांगता एवढंच सांगितलं होतंत, "दर्याक पाठ करू नको." मी केली. लाट कमरेपर्यंत आली, पाय घसरले, गुडघा सोलवटला, आणि बादली तीन माशांसकट गेली. बुवांनी पाठीमागून जॅकेटचा पट्टा धरला होता. लाईफ जॅकेट होतं, हे आईला नक्की सांगा. रँडविक म्हणून एक भाग आहे, तिथे ते न घालता खडपावर गरवायला उभं राहिलं तर दंडच होतो. मी सगळीकडेच घालते. कितीतरी खडपांवर खांब रोवून त्याला तरंगणारं गोल कडं अडकवलेलं असतं, पडलेल्याला फेकायला. इथे साप चावून वर्षाला दोनेक माणसं जातात, खडपावरून समुद्रात पडून त्याच्या कितीतरी पट. आपल्या देशात सापाने वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास जातात असा अंदाज आहे. आईने ऑस्ट्रेलियाची काळजी करावी की आपल्या काजूच्या बागेची, तुम्हीच सांगा.

हो, एक कामाचं. माझ्या पिशवीत आता रुंद ताणपट्टी असते. इथल्या सापांचं विष बहुतेक मज्जातंतूंवर जातं आणि ते अंगात पसरतं कातडीखाली वाहणाऱ्या लसीका नावाच्या पातळ द्रवाच्या वाटेने. म्हणून दंश झालेला अख्खा हात किंवा पाय, मुरगळल्यावर बांधतो तेवढ्या घट्टपणे गुंडाळायचा, फळी बांधून हलू द्यायचा नाही आणि माणसाला चालवायचंही नाही. स्ट्रुअन सदरलंड नावाच्या इथल्या डॉक्टरने १९७० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत घालून दिली. जखम धुवायची नाही, कारण कातडीवर राहिलेल्या विषावरून हॉस्पिटलवाले साप कोणता ते तपासू शकतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस, म्हणून तशी गरज पडत नाही.

पण बाबा, हे वाचून फुरसं चावलेल्या गड्याला पट्टी आवळू नका. त्याचं विष चावल्या जागचं मांसही नासवतं, घट्ट बांधलं की तिथेच कोंडतं. पाय स्थिर ठेवा, दोरी नको, ब्लेड नको, मांत्रिक तर नकोच. गाडी काढून सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या. पडवीत लाकडं रचलेली आहेत तिथे विजेरीशिवाय हात घालू नका, असं मी चार वर्षं सांगते आहे.

आणखी एक गंमत. गेल्या महिन्यात वादळानंतर इथल्या पुळणीवर एक दर्यातला सरप आला होता, वरून काळा, खालून पिवळा, शेपटी वल्ह्यासारखी चपटी. वाळूवर त्याला धड सरकता येईना. हाच साप आपल्या अरबी समुद्रातही असतो म्हणे. तुमच्या रापणीत असला कधी आला होता का? तुम्हाला विचारून सांगते, असं मी बुवांना म्हटलंय.

मोहर आला का ते कळवा. आणि आईला सांगा, गुडघ्याची खपली पडली.

तुमची,
बाय

ता. क. बादली नवी घेतली. या रविवारी जाते आहे, हे मात्र तिला वाचून दाखवू नका.