चिमीच्या ॲडमिशनच्या निमित्ताने

निशी-कासाई, टोकियो
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही तुमचा ठेवणीतला सवाल टाकलात आणि मी मीटिंगला जात होते म्हणून तो तसाच राहिला. "कॉम्प्युटर हे सायन्स कसलं? यंत्र माणसाने केलेलं, प्रोग्रॅम माणसाने लिहिलेला, मग त्यात शोधायचं काय? ही कारागिरी झाली. चिमीला बी.एस्सी.च करायचं असेल तर फिजिक्स घेऊ दे." हे फोनवर पाच मिनिटांत उरकणारं नाही आणि लांबलचक मेसेज तुम्ही वाचत नाही. म्हणून सरळ पत्रच लिहिलंय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, मोठ्या अक्षरात.

गंमत म्हणजे हाच वाद आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर सतत चालू असतो. टीममध्ये एक हनोईचा, एक सोलची, एक चेंगडूचा, दोघं इथलेच जपानी आणि मी. सगळे प्रोग्रॅमर, आणि सगळे आपापल्या देशातल्या शिक्षणावर वैतागलेले. हनोईवाला अकरावीत पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकला. आता त्यांच्याकडे २०१८ च्या अभ्यासक्रमानुसार तिसरी ते नववी संगणक हा सक्तीचा विषय आहे, आणि ते तो अभिमानाने सांगतो. कोरियात माध्यमिक शाळेत २०१८ पासून आणि प्राथमिकच्या वरच्या वर्गांत २०१९ पासून हा विषय सक्तीचा झाला. प्राथमिकला किमान १७ तास, माध्यमिकला ३४. नव्या अभ्यासक्रमात हे तास दुप्पट केले. सोलवाली म्हणते, तास शाळेचे वाढले आणि भरभराट क्लासवाल्यांची झाली. मी म्हटलं, बाई, हे तू मला सांगतेस? माझं बारावीचं वर्ष क्लासच्या जिन्यातच गेलं.

जपानने तर २०२२ पासून उच्च माध्यमिकला हा विषय सगळ्यांना लावला आणि जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत पहिल्यांदा त्याचा पेपर घेतला, १०० गुण, ६० मिनिटं. त्यातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. प्रोग्रॅमचा प्रश्न पायथन किंवा सी अशा कुठल्याही भाषेत नसतो. जपानी शब्द वापरून परीक्षेपुरती एक साधी लेखनपद्धत ठरवली आहे, तिच्यातच तो विचारतात. म्हणजे भाषा पाठ करून आलेल्याचा उपयोग नाही, विचार करता आला पाहिजे. आमचा जपानी सीनियर मात्र खूश नाही. परीक्षेत आला म्हणजे विषय मेला, असं त्याचं म्हणणं. मला ते टोकाचं वाटतं, पण आपल्याकडचं बघता त्याच्याशी फार भांडवत नाही.

खरी जुंपते ती मात्र तुमच्याच प्रश्नावर. नावांवरून काही ठरतं का म्हणून आम्ही एकदा उजळणी केली. चीनमध्ये विषयाचं नावच 'संगणक विज्ञान आणि तंत्रज्ञान'. तो मोडतो अभियांत्रिकीत, पण पदवी विज्ञानाचीही देता येते. टोकियो विद्यापीठात माहितीविज्ञानाचा विभाग विज्ञान शाखेत आणि त्याचा इंजिनिअरिंगवाला चुलत भाऊ अभियांत्रिकी शाखेत. मग मी पुण्याचं सांगितलं. आपल्या विद्यापीठात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स विज्ञान शाखेत, बी.ई. कॉम्प्युटर अभियांत्रिकीत आणि बीबीए कॉम्प्युटर ॲप्लिकेशन वाणिज्य शाखेत! यावर टेबलावरचे सगळे हसले, पण त्यांच्यापैकी कुणाकडेही यापेक्षा सरळ व्यवस्था नव्हती. तेव्हा चिमीने नुसत्या पदवीच्या नावावरून काही ठरवू नये, एवढं तरी पक्कं.

आता तुमचा मुद्दा. तो हलका नाही, आणि तुमच्या बाजूला भलीभली माणसं आहेत. तुमच्या लाडक्या भौतिकशास्त्रज्ञाने, फाइनमननेच, कॅल्टेक विद्यापीठातल्या व्याख्यानांत सांगितलं होतं की हे खरं तर विज्ञान नव्हे, कारण ते निसर्गातल्या वस्तूंचा अभ्यास करत नाही. उलट बाजूने, फाइनमनच्याही आधी, १९६७ मध्ये नेवेल, पर्लिस आणि सायमन या संगणकशास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात एक छोटं पत्र लिहून अशाच आक्षेपाला उत्तर दिलं होतं. त्याचा आशय असा, की जिथे घटना घडतात तिथे त्यांचं वर्णन करणारं, कारण शोधणारं शास्त्र असू शकतं. संगणकांभोवतीही घटना घडतात, मग त्यांचंही शास्त्र होईल. मला हे उत्तर थोडं वकिली वाटायचं. यंत्र आपणच बनवलं, तर त्याच्या आत काय घडतं ते आपल्याला आधीच माहीत नको का?

नसतं, बाबा. इथेच सगळी मेख आहे. एक प्रयोग सांगते. चिमीला घेऊन घरच्या लॅपटॉपवर करून बघा, तुम्हाला मजा येईल.

दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभ असलेला आकड्यांचा एक तक्ता घ्यायचा. एकूण दहा कोटी आकडे. सगळ्यांची बेरीज करायची, दोन प्रकारे. एकदा ओळीओळीने, म्हणजे पहिली ओळ संपली की दुसरी. एकदा स्तंभास्तंभाने, वरून खाली. बेरजा तितक्याच, उत्तर तेच. कागदावर दोन्ही प्रोग्रॅम सारखेच, पायऱ्या मोजल्या तर एकीचाही फरक नाही. सी भाषेत लिहून वेळ मोजा. दुसऱ्या प्रकाराला कित्येक पट जास्त वेळ लागतो. (आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो त्या कंपायलरला जास्त शहाणपणा करू द्यायचा नाही, नाहीतर तो गुपचूप दोन लूपची अदलाबदल करतो आणि प्रयोग फसतो. कसं ते चिमीला मी दाखवेन.)

का लागतो? अंदाज असा, की प्रोसेसर मेमरीतून एकच आकडा कधी आणत नाही, त्याच्या शेजारचेही सोबत उचलतो. बहुतेक प्रोसेसरांत एका खेपेला ६४ बाइट, म्हणजे आपल्या चार-चार बाइटांचे १६ आकडे. सी भाषेत ओळीतले आकडे मेमरीत शेजारी शेजारी बसतात, म्हणून ओळीने गेलं तर सोळाच्या सोळा कामी येतात. स्तंभाने गेलं तर पुढचा आकडा ४०,००० बाइट लांब. एक वापरला, पंधरा वाया.

पण हा झाला नुसता अंदाज. तुम्ही वर्गात म्हणायचात तसं, अंदाज कुणीही करतो, तो खोटा कसा ठरेल ते सांग. तर सांगते. कारण हेच असेल तर तक्ता लहान केल्यावर फरक जायला हवा. ५० गुणिले ५० चा तक्ता दहा हजार बाइटांचा, तो प्रोसेसरच्या जवळच्या छोट्या मेमरीत अख्खा मावतो. त्याच्यावर बेरीज लाखभर वेळा करून वेळ मोजला तर ओळ काय नि स्तंभ काय, फारसा फरक उरू नये. आणि खरंच उरत नाही. तक्ता हळूहळू वाढवत आलेख काढला की कुठल्या आकाराला वेळ उसळी घेतो ते दिसतं, आणि त्यावरून आतल्या मेमरीचा आकार ओळखता येतो, डबा न उघडता. दर वेळी मोजलं की आकडा थोडा वेगळा येतो. मशीन मागे दुसरीही कामं करत असते, ते तापलं की वेगही बदलतो. सरासरी घ्यावी लागते, चूक किती ते लिहावं लागतं. आता सांगा, हे तुमच्या फिजिक्सच्या लॅबपेक्षा कुठे वेगळं आहे?

सगळंच असं आहे असं माझं म्हणणं नाही. बराच भाग चक्क गणित आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झपाट्याने आणि खात्रीने ठरवायची रीत शोधली. संख्येत जितके अंक, त्यांच्या मर्यादित घातात काम होतं, हे सिद्ध केलं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकते बी.टेक. संपवलेले विद्यार्थी. जगभर गाजलेलं हे काम म्हणजे निव्वळ सिद्धता. त्यात मोजमाप नाही, प्रयोग नाही. याच कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे संगणकयंत्र आलं आणि प्राध्यापक राजारामन वगैरे मंडळींनी शिकवायला सुरुवात केली. आपल्या देशात हा विषय मुलांपर्यंत पोचला तो तिथून.

आणि नुसतं गणित केलं की भागतं, असंही नाही. क्रमाने लावलेल्या यादीत मधला घटक बघायचा, हवा तो आधी असेल तर डावा अर्धा भाग घ्यायचा, नंतर असेल तर उजवा. ही शोधायची रीत पहिल्या वर्षाला शिकवतात, कागदावर ती निर्दोष सिद्धही करतात. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक या नावाजलेल्या प्रोग्रॅमरने जाहीर केलं की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार प्रोग्रॅमांच्या संचात (लायब्ररीत) त्यानेच लिहिलेल्या या रीतीत चूक होती आणि सुमारे नऊ वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नाही. चूक काय, तर मध्य काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं. यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाते, तिथून पुढची संख्या, अधिक-उणे चिन्हाची जागा धरली तर, ३२ बिटांत मावत नाही, आणि उत्तर चक्क उणे येतं. गणितात बेरीज कधी 'मावत नाही' असं होत नाही. यंत्रात होतं. आई, तुझ्या बँकेत लेजरच्या नोंदी करायचं ते एएलपीएम यंत्र आलं तेव्हा तू महिनाभर सगळ्या लेजरांची बेरीज हातानेही करून ताळा बघायचीस आणि शाखेतले बाकीचे हसायचे, ते मला ही गोष्ट वाचली तेव्हा आठवलं. तू बरोबर करत होतीस.

चेंगडूवाल्याने त्यांच्या अँड्र्यू याओ या संगणकशास्त्रज्ञाचं उदाहरण दिलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली. या माणसाने आधी हार्वर्डला भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली, मग संगणकशास्त्रात दुसरी. २००० मध्ये संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००५ मध्ये त्यांनी बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात निवडक मुलांसाठी एक खास वर्ग सुरू केला. त्या वर्गात शिरायला चीनभरची मुलं धडपडतात. म्हणजे फिजिक्सवाल्यांनाही इथे काहीतरी सापडलं असणार ना?

आता जरा कडू बोलते. आमच्या कॉलेजात आम्ही जे केलं ते सायन्स नव्हतंच, त्या बाबतीत तुमच्याशी मी शंभर टक्के सहमत. निळ्या पडद्याचं टर्बो सी, पहिल्या ओळीला क्लिअर स्क्रीन, शेवटच्या ओळीला पडदा थांबवून ठेवणारं गेटच, आणि जर्नलमध्ये 'आउटपुट' या मथळ्याखाली पेन्सिलीने आखलेला चौकोन. त्या चौकोनात काय लिहायचं ते मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवायचं. प्रोग्रॅम चालला की नाही ते मागाहून. वेळ मोजा, आकार बदलून बघा, असं कुणी कधी म्हटलं नाही. आमच्या मॅडम बिचाऱ्या चांगल्या होत्या, पण एका पीसीवर चार जणं आणि तासाभरात सह्या उरकायच्या, तिथे त्या तरी काय करणार?

पण बाबा, साध्या लंबकाच्या प्रयोगात मुलं काय करायची? 'जी' ९८० यायला हवा हे माहीत, मग तिथून उलटं गणित करून आवर्तनांचे वेळ लिहायची. आणि तुम्ही पकडायचात. स्टॉपवॉचला हात न लावलेल्या मुलाची रीडिंग अगदी सुबक येतात, हाताने मोजलेली थोडी इकडेतिकडे विखुरतात, हे तुम्हीच सांगायचात. विषय फिजिक्स होता म्हणून ते टेबल सायन्स झालं नाही, तुम्ही ते पोराला परत करायला लावलंत तेव्हा झालं. मग कॉम्प्युटरला वेगळी फूटपट्टी का?

टेबलावरच्या वादात मी हेच म्हणते आणि एकटी पडते. हनोईवाला म्हणतो, हे शुद्ध गणित. सोलवाली म्हणते, ही इंजिनिअरिंगच, उगाच मोठेपणा नको. माझं म्हणणं, हे तिन्ही आहे आणि कुठल्या तासाला कुठलं, ते शिकवणाऱ्यावर आहे.

तर चिमीचं. तिला आकड्यांची आवड आहे आणि हातात काही आलं की ते उघडून बघायची खोड आहे, दादाचा मिक्सर आठवतो ना? तिने बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स घ्यायला माझी हरकत नाही, फक्त गणित नीट शिकवणारं कॉलेज हवं. नोकरीचं आई विचारेलच. मिळेल. इथे मुलाखत घेताना मी पदवीचं नाव शेवटी बघते. पण फॉर्म भरायच्या आधी तुम्ही स्वतः तिच्याबरोबर दोन-तीन कॉलेजांत जाऊन या. प्रॉस्पेक्टस नको, लॅब बघा. कुणाही पोराची जर्नल मागून घ्या आणि उघडून आउटपुटचे आकडे बघा. सगळ्यांच्या जर्नलमध्ये तेच सुबक आकडे असतील तर पुढच्या कॉलेजात चला. हे तुमच्याइतकं पटकन कुणालाच ओळखता येणार नाही.

आई, मेतकूट संपलं. कुणी इकडे येणार असेल तर दे, कुरिअर करू नकोस. मी डिसेंबरात येतेय.

तुमची
मनू

ता. क. बाबा, तुम्ही एम.एस्सी.ला फोरट्रान शिकला होतात. तो तक्त्याचा प्रयोग फोरट्रानमध्ये केला तर निकाल बरोबर उलटा येतो, स्तंभ झपाझप आणि ओळी रेंगाळत. का ते मी सांगत नाही. दादा लॅपटॉपवर फोरट्रानचा कंपायलर फुकटात घालून देईल, उत्तर पुढच्या रविवारी फोनवर सांगा.