चिंबोरीच्या कवचाखालचा गरही तपासा

महोदय,

पावसाळ्यात अमावास्येच्या आसपास आमच्या घरी चिंबोऱ्या येतात. त्या दिवसांत त्या भरलेल्या असतात, असं आई सांगायची; मीही मुलींना तेच सांगितलं. नांग्या फोडायच्या, बारीक पाय वाटून त्यांचा रस कालवणात गाळायचा, आणि कवचाखालचा पिवळसर गर अजिबात टाकायचा नाही. सगळी चव त्यातच!

हा गर म्हणजे चिंबोरीची यकृत आणि स्वादुपिंड अशी दोन्ही कामं करणारी ग्रंथी. वर्षानुवर्षं मी तिची आकृती फळ्यावर काढली, पण ताटातल्या गराशी तिचा संबंध जोडायला मला फार उशीर झाला. आपलं रक्त लोहावर चालतं, चिंबोरीचं तांब्यावर. म्हणून तांबं धरून ठेवणारी प्रथिनं या ग्रंथीत असतात आणि गाळातून, खाद्यातून आलेला कॅडमियम हा विषारी धातूही तीच पकडतात. असं बांधलं गेलेलं विष चिंबोरीला सोसतं. ते बाहेर मात्र फार सावकाश पडतं, त्यामुळे साठत जातं. पीसीबी ही कारखान्यांतली रसायनं, डीडीटीसारखी कीटकनाशकं अशी चरबीत विरघळणारी विषं तिथल्याच चरबीत मुरतात. टोपलीतली चांगली वळवळणारी चिंबोरी निवडून घेतली, तरी यातलं काही डोळ्यांना दिसत नाही.

युरोपीय संघाने कवचधारी जिवांतल्या कॅडमियमला किलोमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, पण ती नांग्या-पायांच्या आणि पोटाकडच्या पांढऱ्या मांसाला लागू आहे. आतल्या गराला नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात तर शेवंडीच्या जातभाईचं, लॉबस्टरचं, मांस खुशाल खा पण आतला हिरवा गर खाऊ नका, असा सरकारी सल्लाच आहे. आपण तो गर चाटूनपुसून खातो. जवळा तर डोक्यापोटासकट अख्खाच खातो, सुकवूनही.

ठाणे खाडीच्या काठाला १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे, शिवाय तीन महानगरांचं सांडपाणी. धातू गाळात बसतात आणि चिंबोरी गाळातच राहते. २०२२मध्ये या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण फ्लेमिंगोंची मोजणी होते तशी या खाडीतल्या चिंबोरी, कोळंबी आणि जवळ्याचीही दरवर्षी तपासणी व्हावी. मांस वेगळं, गर वेगळा, आणि जवळा अख्खा. आकडे लोकांसमोर ठेवावेत.

यात कोळी बांधवांच्या पोटावर पाय येता कामा नये. खाडीत विष त्यांनी सोडलेलं नाही. एखाद्या भागातली चिंबोरी दूषित निघाली, तर आधी तिथे कोणाचा नाला येतो ते शोधावं. आणि गरोदर बायकांनी, लहान मुलांनी तो गर खावा की टाळावा, हे अन्न व औषध प्रशासनाने मराठीत छापून मासळी बाजाराच्या दाराशी लावावं.

– जीवशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका, ऐरोली